सहकुटुंब, मुदतीपुरते

मराठीतील परदेशविषयक लेखन आता विपुल झाले आहे. त्यात आगबोट आहे, विमान आहे, पहिला बर्फ आहे, काट्याचमच्यांची फजिती आहे, वस्तुसंग्रहालये आहेत आणि शेवटच्या प्रकरणात मायदेशाची ओढही न चुकता आहे. नाही ती फक्त कचेरीची खिडकी. जिच्यापुढे कागदांची चळत घेऊन उभे राहिल्यावाचून यांतले काहीच घडत नाही, ती खिडकी आमच्या लेखकांनी एक तर गाळली आहे किंवा चार विनोदी ओळींत उरकली आहे. कारकुनाची नजर दुसरीकडे कुठे जाणार, असे कोणी म्हटल्यास आमची तक्रार नाही. परंतु मुद्दा कचेरीच्या अभिमानाचा नसून वाङ्मयाचा आहे. जो स्वतः नोकरीसाठी परदेशी जातो त्याचे ही खिडकी वगळूनही भागते, कारण सांगण्यासारखे काम त्याच्यापाशी असते. जी त्याच्याबरोबर जाते, किंवा क्वचित जो तिच्याबरोबर जातो, त्या सोबत्याचे तिथले सारे आयुष्य त्या खिडकीतून मिळालेल्या कागदाने आखलेले असते. तो कागद वगळला की ती व्यक्तीच लेखनातून वगळली जाते. उरते ते 'आमच्या सौ.' एवढेच.

चेन्नईत नेमणूक असलेल्या मराठी माणसाला हा विषय सुचावा यात नवल नाही. अण्णा सालैवर जेमिनी पुलापाशी अमेरिकन वकिलातीची इमारत १९६९ पासून उभी आहे. ज्या जेमिनी स्टुडिओवरून त्या चौकास नाव पडले तो स्टुडिओ गेला, वकिलात राहिली. २०११ च्या डिसेंबरात कंपन्यांच्या अंतर्गत बदलीचे, ज्यांना 'ब्लँकेट एल' म्हणतात ते, देशभरातले अर्ज या एकाच ठिकाणी सोपविण्यात आले. मग पुण्यामुंबईच्या जोडप्यांनाही इकडची वाट धरावी लागली, आणि सकाळच्या वेळी तिथल्या पदपथावर मराठी कानी पडू लागले. दोघांच्या हातांत दोन फायली असत. त्याची जाड, तिची पातळ. त्याच्या फायलीत पदव्या, पगाराचे दाखले, कंपनीची पत्रे. तिच्या फायलीतला मुख्य कागद म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला. तिचीही पदवी असे, पुष्कळदा त्याच्या तोडीची असे. पण ती मागितली जाणार नाही हे ठाऊक असल्याने ती घरीच राहिलेली असे.

या परवान्याचे स्वरूप आमच्या वाचकांना थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. नियम समजल्यावाचून त्यातले नाट्य समजत नाही. अमेरिकेत विशेष कौशल्याच्या नोकरीसाठी जाणाऱ्यास एच-१बी मिळतो. हा वर्ग १९९० च्या कायद्याने आजच्या रूपात आला. त्याच्या पत्नीस (अथवा तिच्या पतीस) आणि मुलांना एच-४ मिळतो. पहिल्याची मुदत तीन वर्षांची आणि सामान्यतः एकंदर सहा वर्षांची. दुसऱ्याची मुदत पहिल्याच्या मुदतीस बांधलेली. पहिल्याची नोकरी गेली तर दुसऱ्याचे राहणेही गेले. दुसऱ्यास काम करण्याची सर्वसाधारण परवानगी नाही. २६ मे २०१५ पासून काहींना ती मिळू लागली. पण ज्यांच्या जोडीदाराचा कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोचला आहे अशांनाच. कायम वास्तव्याच्या या वर्गांत एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांबली आहे की सहा वर्षांची मर्यादा ओलांडून मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत माणसे तिथेच प्रौढ होतात. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की 'अवलंबित' उरत नाही आणि त्याला वेगळा परवाना शोधावा लागतो.

याहून बारीक एक गोष्ट आहे, आणि ती कारकुनालाच चटकन उमजावी अशी आहे. व्हिसा हा केवळ दारापर्यंत येण्याचा परवाना. आत किती दिवस राहायचे याची नोंद वेगळ्या कागदावर असते. दुसरा कागद तिथल्या तिथे वाढवून मिळतो. पहिला संपला तरी राहण्यास हरकत नसते. मात्र आईच्या आजारपणासाठी वा भावाच्या लग्नासाठी मायदेशी आल्यावर, तो पुन्हा मिळाल्यावाचून परतता येत नाही. पूर्वी अशा नोकरदार वर्गांचा व्हिसा अमेरिकेतच नवा करून मिळे. बोटांचे ठसे आवश्यक झाल्यावर १६ जुलै २००४ पासून ती सोय बंद झाली. २०२४ च्या आरंभी वीस हजार अर्जांपुरती ती पुन्हा अजमावून पाहण्यात आली. त्यात एच-१बी धारकांना प्रवेश होता, एच-४ ना नव्हता. म्हणजे ज्याला नोकरी आहे त्याचे काम टपालाने व्हावे, आणि जिला नोकरी करू दिली जात नाही तिने तेवढ्यासाठी समुद्र ओलांडून खिडकीपुढे उभे राहावे! एखाद्या कादंबरीकाराने असा प्रसंग कल्पनेने रचला असता तर आम्ही त्याला कृत्रिम म्हटले असते.

मराठी भाषेची या कागदापुढे जी अडचण होते तीही पाहण्याजोगी आहे. 'अवलंबित' हा शब्द आम्हाला कुटुंब निवृत्तिवेतनाच्या आणि औषधोपचाराच्या नमुन्यांवरून परिचित. त्यात म्हातारे आईवडील आणि अज्ञान मुले येतात. अभियंता किंवा डॉक्टर झालेल्या तीस वर्षांच्या स्त्रीला तो लावताना जीभ अडखळते. 'सहचारिणी' फार सजविलेला, 'सोबती' फार सुटसुटीत. पूर्वी पत्नीला नुसते 'कुटुंब' म्हणत, आणि लग्नपत्रिकेवर आजही 'सहकुटुंब' छापतात. एच-४ म्हणजे त्या 'सह'चेच सरकारी रूप, असे आम्हाला वाटते: जेवणाचे आमंत्रण तिला आहे, पण पत्रिका तिच्या नावाची नाही.

आता ग्रंथांकडे वळू. या विषयाचे पहिले मराठी प्रकरण शोधायचे तर शंभरांहून अधिक वर्षे मागे जावे लागते, आणि तिथे गंमत अशी की जोडी उलटी आहे. गोपाळराव जोशी टपाल खात्यातले कारकून. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा त्यांचा बदल्यांचा प्रवास. या मासिकाच्या वाचकांना तो घरचाच वाटावा. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यास त्यांनी जे पत्र लिहिले त्यात पत्नीच्या वैद्यकशिक्षणाची विचारणा होती, तशीच स्वतःला अमेरिकेत काही नोकरी मिळेल का अशीही विचारणा होती. आजच्या भाषेत बोलायचे तर मुख्य अर्जदार व्हावे ही त्यांची इच्छा होती. नोकरी जमली नाही. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्याच निघाल्या. त्या काळी ना व्हिसा होता, ना मुदतीचा शिक्का. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. गोपाळराव मागाहून गेले, आणि १८८६ च्या अखेरीस दोघे परतली ती आनंदीबाईंच्या मृत्यूच्या छायेत.

श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीवर लिहिताना समीक्षकांनी गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाची चर्चा पुष्कळ केली आहे. तो विक्षिप्तपणा खरा, आणि त्याची झळ आनंदीबाईंना देशातच लागली होती, हेही खरे. पण अमेरिकेतल्या गोपाळरावांपुरते बोलायचे तर आम्हाला एक वेगळे वाचन सुचते. ज्याने आयुष्यभर 'नेले' तो माणूस परक्या शहरात 'बरोबर आलेला' झाला. ओळखी तिच्या, अभ्यास तिचा, कौतुक तिचे. आणि तो त्या देशाच्या धर्मावर नि चालीरीतींवर जाहीर टीका करीत सुटला. यात विचारांचा भाग होता तितकाच रिकाम्या हातांचाही असावा. कसलाही शिक्का नसताना सोबत्याची स्थिती माणसाचे काय करते, याचा हा मराठीतला बहुधा सर्वांत जुना पुरावा आहे. समीक्षेने तो स्वभावाच्या खात्यात टाकून फाइल बंद केली.

पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'विषयी (१९६०) आम्ही बोललो तर काही वाचक रागावतील. त्या पुस्तकावर आमचेही प्रेम आहे. परंतु त्यातला निर्धास्त, खेळकर सूर हा केवळ लेखकाच्या प्रकृतीचा नाही. तो काही अंशी कायद्याचाही आहे. १९५८ साली पु. ल. आणि सुनीताबाई लंडनला गेले तेव्हा राष्ट्रकुलाच्या नागरिकास ब्रिटनमध्ये उतरण्यास आणि राहण्यास प्रतिबंध नव्हता. तो १ जुलै १९६२ पासून आला, आणि भारतीयांना व्हिसा लागू लागला तो त्याहून पुष्कळ नंतर, १९८६ साली. पासपोर्ट मिळविणे हेच काय ते दिव्य. ते एकदा पार पडले की माणूस पाहुण्यासारखा हिंडू शकत असे. पुढच्या दोन पिढ्यांनी 'अपूर्वाई'चा सूर उचलला, पण ज्या मोकळिकीतून तो आला होता ती त्यांच्या वाट्याला नव्हती. म्हणूनच नंतरच्या अनेक प्रवासवर्णनांतला विनोद आम्हाला उसना वाटतो. पायाखाली मुदत सरकत असताना लेखक पाहुण्याचा अभिनय करीत असतो.

जयंत नारळीकरांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' (२०१२) या आत्मचरित्रात केंब्रिजचा भाग मोठा आहे. मंगलाताई विवाहानंतर तिथे गेल्या. त्या स्वतः गणिती, आणि त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना गणित शिकविलेही. सोबत गेलेल्या व्यक्तीच्या हाताला तिच्या विद्येचे काम मिळाले की चित्र किती पालटते, याचे हे उदाहरण. मात्र ते चित्र आपण पतीच्या पुस्तकात पाहतो, हेही ध्यानात ठेवावे.

मराठी स्त्री व्हिसाच्या खिडकीपुढे उभी असलेली आम्हाला आठवते ती पुस्तकात नव्हे, तर चित्रपटात, आणि तोही हिंदी: गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२). पुण्याची शशी गोडबोले वकिलातीत अडखळते, शेजारचा एक गृहस्थ अधिकाऱ्याला चोख उत्तर देतो, प्रेक्षागृहात टाळी पडते आणि शिक्का मिळतो. इथे चेन्नईत तो तमिळमध्येही दाखविण्यात आला. प्रसंग गोड आहे. परंतु त्यात अडचण भाषेची आहे, कागदाची नाही, आणि ती एका वाक्याने सुटते. झुंपा लाहिरींची 'द नेमसेक' (२००३) ही इंग्रजी कादंबरी याहून खोल जाते. नवऱ्याबरोबर केंब्रिजला, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, गेलेल्या आशिमाचे रिकामे तास तिथे मोजलेले आहेत. बंगाली घरातून आलेल्या लेखिकेला जे साधले ते मराठीत का साधू नये?

साधत नाही याचे एक कारण आमच्या मते वाङ्मयप्रकारात आहे. प्रवासवर्णन एकदाच निघते, एकदाच पोचते आणि परत येते. नूतनीकरण पुन्हा पुन्हा येते. तीन वर्षांनी तोच नमुना, तेच प्रश्न, तोच विवाहाचा दाखला. बदललेले असते ते छायाचित्रातले तोंड. दर खेपेस 'आपण काय करता?' या रकान्यात एकच शब्द लिहावा लागतो आणि तो दर खेपेस निराळा बोचतो. ही आवृत्ती हेच या जीवनाचे कथानक आहे, आणि आवृत्तीला प्रवासवर्णनात जागा नाही. ते लेखन साहजिकच पहिल्या वर्षाच्या बर्फापाशी थांबते.

कोणी म्हणेल, हा परदेशी सरकारांचा अन्याय. आपण त्याचे काय करावे? पण हॅडोज रोडवरच्या शास्त्री भवनाच्या आवारात परदेशीयांच्या नोंदणीची कचेरी आहे, आणि तिच्या दप्तरात हेच नाट्य उलट्या बाजूने लिहिलेले आहे. श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे ह्युंदाईचा कारखाना १९९८ पासून मोटारी काढीत आहे. त्याच्यामागोमाग कोरियन कुटुंबे चेन्नईत आली. पतीला रोजगाराचा व्हिसा, पत्नीला 'एक्स' अक्षराचा प्रवेश व्हिसा, त्याच्या मुदतीस बांधलेला आणि नोकरीला मोकळीक नसलेला. २०१८ पासून हे अर्ज संगणकावरून होऊ लागले, एवढीच काय ती सुधारणा. आमच्याच खात्यांत पाहावे: पतिपत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे असा आदेश १९८६ पासून आहे आणि २००९ साली तो पुन्हा काढण्यात आला. परंतु तो दोघेही नोकरीत असतील तर. जिने बदलीपायी शाळेतली नोकरी सोडली आणि जी आज अण्णा नगरच्या सरकारी वसाहतीत तमिळ अक्षरे गिरवीत बसली आहे, तिचा त्या आदेशाशी संबंध नाही. तिच्यावरही मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही.

असे लेखन कोणत्या रूपात येईल हे सांगणे आमचे काम नाही. तरी एक पुस्तक समोर ठेवावेसे वाटते: सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' (१९९०). 'अपूर्वाई'त जी बरोबर होती तिचेच हे पुस्तक, तीस वर्षांनंतरचे. त्यात कालक्रम नाही. आठवण येईल तशी लेखणी फिरते, तोच विषय पुन्हा नव्या बाजूने उचलला जातो, आणि बरोबर असणे म्हणजे काय याचा हिशेब कोणाचीही भीड न ठेवता मांडला जातो. त्यावर वाद पुष्कळ झाले; बहुतेक सारे पु. लं.विषयी काय लिहिले आहे यावर. त्या लेखनाची चाल कशी आहे, आणि तीन तीन वर्षांच्या तुकड्यांत जगलेल्या एखाद्या बाईला ती उपयोगी पडेल का, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.