९१ टक्के कमी पाणी, पण कोणापेक्षा?

सेंद्रिय कापसाचा टी-शर्ट घ्यायला गेलात की त्याला लटकवलेल्या जाड खाकी टॅगवर एक आकडा बऱ्याचदा भेटतो: ‘९१ टक्के कमी पाणी’. कधी तो ब्रँडच्या वेबसाइटवर असतो, कधी ‘पर्यावरणपूरक खरेदी कशी करावी’ छापाच्या लेखात. आकडा इतका नेमका आहे की कोणीतरी मोजूनच काढला असणार असं वाटतं. तसा तो मोजूनच काढलाय, कोणी हवेतून पकडलेला नाही. तरीही मला आज त्याच्याशी भांडायचंय.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी: माझ्या पीएचडीचा विषय जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे एलसीए. एखादी वस्तू बनवताना माती, पाणी, हवा यांतून काय घेतलं आणि त्यांत परत काय टाकलं याची किराणा दुकानदाराच्या वहीसारखी नोंद ठेवायची, आणि शेवटी ‘एका किलोमागे इतकं’ असा हिशेब मांडायचा. आज ज्या अभ्यासांबद्दल बोलणार आहोत त्यांत सेंद्रिय कापसाचा हिशेब शेतात सुरू होतो आणि जिनिंगमधून रुईची गाठ बाहेर पडली की थांबतो. सूतकताई, रंगाई, शिलाई त्यात धरलेली नाही. म्हणजे टॅग टी-शर्टला लावलेला, पण आकडा रुईचा. ही पहिली गफलत, आणि खरं तर ती सगळ्यात किरकोळ आहे.

९१ चा जन्म दोन अभ्यासांतून झाला. एक २०१२ चा, अमेरिकेतल्या कॉटन इनकॉर्पोरेटेडचा, नेहमीच्या कापसावर. त्यात अमेरिका, चीन आणि भारतातली शेती होती. दुसरा २०१४ चा, टेक्सटाइल एक्स्चेंज या संस्थेने सेंद्रिय कापसावर करून घेतलेला. त्यात भारत, चीन, तुर्कस्तान, टांझानिया आणि अमेरिकेतले शेतकरी-गट होते. दोन्हींत गणिताची बाजू पीई इंटरनॅशनल या एकाच जर्मन सल्लागार कंपनीने सांभाळली, त्यामुळे पद्धत बरीच सारखी आहे. एक किलो सेंद्रिय रुईला १८२ लिटर पाणी, एक किलो नेहमीच्या रुईला २,१२० लिटर. कॅल्क्युलेटर घ्या, ९१ टक्के येतात.

आता ‘पाणी’ म्हणजे कोणतं पाणी? आमच्या क्षेत्रात पाण्याला रंग असतात. पावसाचं पाणी मातीत मुरलं आणि पिकाने तिथूनच घेतलं, तर ते हिरवं. विहीर, बोअर, कालवा, नदी यांतून उचलून पिकाला दिलेलं ते निळं. आणि शेतातून वाहून आलेलं प्रदूषण सुरक्षित पातळीपर्यंत पातळ व्हायला जितकं लागेल ते करडं. १८२ आणि २,१२० हे दोन्ही आकडे फक्त निळ्या पाण्याचे आहेत. ‘एका टी-शर्टला २,७०० लिटर’ हा दुसरा लोकप्रिय आकडा मात्र तिन्ही रंग धरून काढलेला आहे. हे दोन आकडे शेजारी शेजारी छापणं म्हणजे पगार रुपयांत आणि खर्च डॉलरांत लिहून शिल्लक काढणं.

पिकाला निळं पाणी किती लागेल हे कशावर ठरतं? पाऊस किती पडतो, कधी पडतो, ऊन किती आहे, आणि शेतकऱ्याकडे ओलिताची सोय आहे का यावर. शेतात युरिया टाकला की शेणखत, याचा त्यात वाटा फार थोडा. सेंद्रिय अभ्यासातली बरीचशी शेती कोरडवाहू किंवा अगदी थोड्या ओलिताची होती. नेहमीच्या कापसाच्या सरासरीत मात्र भरपूर ओलिताची शेतीही होती. म्हणजे ९१ टक्क्यांची तफावत आहे ती मुख्यतः कोरडवाहू आणि ओलिताच्या शेतांमधली. तिचं श्रेय आपण ‘सेंद्रिय’ या शब्दाला देऊन टाकलं. कोकणातल्या एका घराचं आणि लातूरमधल्या एका घराचं टँकरचं बिल शेजारी ठेवून ‘कोकणातली माणसं काटकसरी’ असं म्हणावं, तसं हे झालं. (कोकणातही उन्हाळ्यात टँकर येतात हे मला माहितीये. मुद्दा कळला ना?)

अहवाल लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. ओलिताची गरज प्रामुख्याने हवामानावर ठरते, हे अहवालातच लिहिलेलं आहे. पण तेच टक्के टेक्सटाइल एक्स्चेंजने प्रचाराच्या मजकुरात ठळक केले, आणि ब्रँड्सनी तिथून उचलले. तळटीप मागे राहिली. संशोधनात अशा गोष्टी होतात, पण इथे ती तळटीप हाच अख्खा निष्कर्ष होता, म्हणून माझी तक्रार अहवालाच्या सारांशाशी आणि त्याच्या पुढच्या प्रवासाशी आहे.

हे पुस्तकी वाटत असेल तर यवतमाळ जिल्ह्यात चला. विदर्भातला ९० टक्क्यांहून अधिक कापूस कोरडवाहू आहे. समजा, राळेगाव तालुक्यात बांधाला बांध लागून दोन शेतं आहेत. एकात बीटी बियाणं, रासायनिक खत, कृषी केंद्रातून आणलेली औषधं. दुसरं सेंद्रिय गटातलं, म्हणजे बीटी चालत नाही, रासायनिक औषध चालत नाही. दोघंही मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसतात, दोघांकडेही ओलित नाही. दोघांचंही निळं पाणी जवळपास शून्य. तुर्कस्तानात कालव्यावर वाढलेला सेंद्रिय कापूस या दोघांपेक्षा कितीतरी जास्त निळं पाणी पितो. तरी दुकानात ‘कमी पाणी’चा टॅग त्या तुर्की कापसाला मिळेल, आणि राळेगावच्या पहिल्या शेतकऱ्याचा कापूस ‘नेहमीचा’ म्हणून २,१२० लिटरवाल्या सरासरीत जाऊन बसेल. जे पाणी त्याने कधी उपसलंच नाही ते त्याच्या खात्यावर.

‘एवढं काय, टॅगच तर आहे’ असं म्हणाल. पण हे आकडे टॅगवर थांबत नाहीत. मोठे ब्रँड कोणता धागा किती घ्यायचा हे ठरवताना ज्या तक्त्यांकडे बघतात, त्यांत अशाच जागतिक सरासऱ्या भरलेल्या असतात. त्यातला सगळ्यात वजनदार तक्ता हिग मटेरियल्स सस्टेनेबिलिटी इंडेक्स. त्यात पॉलिस्टरला कापसापेक्षा चांगले गुण मिळत होते. पॉलिस्टरला शेत नाही, ओलित नाही, त्यामुळे पाण्याच्या रकान्यात ते आपसूक जिंकतं. धुताना त्याचे सूक्ष्म तुकडे पाण्यात जातात हे त्या गुणांत उतरत नव्हतं. २०२२ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने नोरोना या कपड्यांच्या ब्रँडला सांगितलं की सेंद्रिय कापसाच्या टी-शर्टबद्दलचे हिगवर आधारित दावे दिशाभूल करणारे आहेत, आणि एच अँड एमलाही तसाच इशारा दिला. कारण साधं होतं: सरासरी आकडा समोरच्या टी-शर्टबद्दल काही सिद्ध करत नाही. त्यानंतर हिगच्या मागे असलेल्या सस्टेनेबल अपॅरल कोअलिशनने ग्राहकांना दाखवायची लेबलं थांबवली. ब्रँडच्या अंतर्गत वापरासाठी तक्ता चालूच राहिला.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर गोष्ट.

२०१४ च्या अभ्यासातून पाच आकडे जगभर फिरले: तापमानवाढीचा परिणाम ४६ टक्के कमी, आम्लीकरण ७० टक्के कमी, पाण्यात वाहून जाणारी पोषकद्रव्यं २६ टक्के कमी, निळं पाणी ९१ टक्के कमी, ऊर्जा ६२ टक्के कमी. यादी पुन्हा वाचा. कीटकनाशकांचं विष त्यात कुठेच नाही. सेंद्रिय आणि रासायनिक शेतीत डोळ्यांना दिसणारा सगळ्यात मोठा फरक कोणता? फवारणी. आणि नेमकी तीच गायब.

२०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. पऱ्हाटी डोक्याच्या उंचीची झाली होती, हवा दमट होती, आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. त्या हंगामातल्या एक किलो रुईचा एलसीए काढला आणि हे पाचच रकाने भरले, तर त्यात हे मृत्यू कुठेही दिसणार नाहीत.

याचं कारण लबाडी नाही, आमच्या शास्त्राची मर्यादा आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. विषारीपणा मोजायला यूएसईटॉक्स नावाचं मॉडेल वापरतात. ते बनवणाऱ्यांनी २००८ मध्ये स्वतःच लिहिलं की मानवी आरोग्याच्या बाबतीत त्याच्या गुणकांची अचूकता १०० ते १,००० पटींच्या आत आहे. म्हणजे खरा परिणाम सांगितलेल्याच्या १०० पट असू शकतो किंवा शंभरावा हिस्सा. असा आकडा टॅगवर छापायचा कसा? म्हणून तो मागे पडतो. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. त्या वेळच्या मॉडेलमध्ये विष माणसापर्यंत हवेतून, पिण्याच्या पाण्यातून, अन्नातून पोचायचं. पाठीवर पंप घेऊन उभा असलेला, स्वतःच्याच फवाऱ्यात भिजणारा माणूस त्या मॉडेलमध्ये नव्हताच.

जे मोजायला सोपं ते टॅगवर आलं, आणि ज्यासाठी सेंद्रिय कापसाला खरोखर जास्त पैसे द्यावेत ते राहून गेलं. ‘या कापसावर कृत्रिम कीटकनाशक मारलेलं नाही’ हे एक वाक्य ९१ टक्क्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे, अर्थात ते खरं असेल तर. तेही नेहमी खरं नसतं. २०२० मध्ये ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड या मानक संस्थेने जाहीर केलं की भारतात २०,००० टन कापूस बनावट कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. सरकारी प्रमाणपत्रांच्या क्यूआर कोडसाठी चक्क नकली वेबसाइट उभी केली होती! अकरा कंपन्यांवर बंदी आली.

यावर ‘म्हणजे सेंद्रिय कापूस थोतांडच’ असा अर्थ काढू नका. ४६ टक्क्यांचा तापमानवाढीचा आकडा मला ९१ पेक्षा बराच विश्वासार्ह वाटतो, कारण त्यामागे सेंद्रिय असण्याशी थेट जोडलेलं कारण आहे: कृत्रिम नत्रखत बनवायला ऊर्जा लागते आणि ते मातीत पडलं की नायट्रस ऑक्साइड सुटतो. तिथेही उत्पादन एकरी किती निघालं यावर बरंच काही अवलंबून आहे, पण निदान कार्यकारणभाव जागेवर आहे.

चिडायला होतं ते अशासाठी की हवी ती माहिती अस्तित्वात आहे. आपल्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र बहुतेक वेळा शेतकऱ्यांच्या गटाला मिळतं, आणि गटातल्या प्रत्येक शेतकऱ्याची नोंदवही ठेवावी लागते: कोणतं बियाणं, काय टाकलं, कधी टाकलं, किती कापूस निघाला. वर ओलित की कोरडवाहू आणि वेचाईचा किलोमागे दर एवढं जोडलं, तर माझ्यासारखीला त्यातून त्या गावाचा खरा हिशेब काढता येईल. वही गटाच्या कार्यालयात राहते. कापूस जिनिंगला जातो, तिथून गिरणीत, तिथून परदेशात, आणि दुसऱ्या टोकाला टॅगवर छापला जातो तो पाच देशांच्या सरासरीचा २०१४ चा आकडा. रूपांतरणाची पहिली दोन-तीन वर्षं उत्पादन घटलेलं असताना सेंद्रियचा भाव न घेता काढणारा शेतकरी या प्रवासात कुठेच दिसत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरित दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पर्यावरणाच्या नावाने तुलना करायची तर ती पडताळता येईल अशा माहितीवर हवी, आणि नेमकं काय कशाशी ताडलंय ते सांगायला हवं, असं त्यांत आहे. तेव्हा घरात असा टॅग असेल तर ब्रँडच्या ग्राहक विभागाला एक ओळीची मेल टाका: हा आकडा कोणत्या जिल्ह्यातल्या शेतांचा, आणि कोणत्या शेतांशी ताडलेला? मला स्वतःला आत्तापर्यंत मिळालेली उत्तरं ‘आम्ही शाश्वततेसाठी कटिबद्ध आहोत’ या धाटणीची आहेत. तुम्हाला एखादं जिल्ह्याच्या नावाचं उत्तर आलं तर मला जरूर पाठवा.