‘आजोबा’ वर्गात दाखवाल तेव्हा

बिबट्यावरचा मराठी चित्रपट, आणि त्यात बिबट्या खलनायक नाही! सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ (२०१४) शाळेत दाखवण्याजोगा आहे तो आधी एवढ्यासाठीच. गोष्टीचा आधार खरा आहे. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका नराला विद्या अत्रेय यांच्या चमूने जीपीएस पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. २९ दिवसांत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला. वाटेत महामार्ग आले, रेल्वे आली, खाडी आली.

तक्रार आहे ती भर कशावर दिला याबद्दल. प्रवासाचा थरार मनात राहतो. बिबट्याला उचलून दूर का नेतात, हा प्रश्न मागे पडतो. खरे विज्ञान तिथेच आहे. पकडलेले बिबटे जुन्नरच्या जंगलांत आणून सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ झाले, आणि जिथे सोडले त्याच्या आसपास सर्वाधिक. बिबट्याचा स्वतःचा इलाखा असतो. परक्या मुलखात तो बावचळतो, परतू पाहतो. तरी ‘पिंजरा लावा’ हीच गावाची पहिली मागणी असते. (भ्यालेल्या आईबापांना दोष तरी कसा द्यावा?)

चित्रपट संपल्यावर नकाशा उघडा. मुलांना तो मार्ग रेखाटू द्या, वाटेतले मोठे रस्ते मोजायला सांगा. डिसेंबर २०११ मध्ये आजोबा अशाच एका महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. ओळख पटली ती अंगातल्या मायक्रोचिपवरून.