हातचा राखलेला शब्द

संस्थांच्या गद्याकडे समीक्षक सहसा वळत नाही. पत्रके, खुलासे, चौकशीचे अहवाल हे काही वाङ्मय नव्हे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत किती महाग पडते, हे डब्लिनच्या कॅथलिक धर्मप्रांताविषयीचा २६ नोव्हेंबर २००९ रोजी प्रसिद्ध झालेला अहवाल वाचताना ध्यानात येते. १९७५ ते २००४ या काळात ३२० हून अधिक मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांनी कशा हाताळल्या, हे न्यायमूर्ती इव्हॉन मर्फी यांच्या आयोगाने ४६ धर्मगुरूंच्या प्रकरणांवरून तपासले. निदान १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तरी गुप्तता, बोभाटा टाळणे, चर्चची प्रतिष्ठा आणि मालमत्ता यांचीच चिंता वाहिली गेली; मुलांचे हित त्यांच्या मागे पडले, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. धर्मप्रांताने अशा दाव्यांच्या खर्चासाठी १९८७ सालीच विमा उतरवला होता. ज्याचा विमा उतरवला, ते ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय या अहवालातले एकच वाक्य आहे. अँड्र्यू मॅडन हे लहानपणी वेदीसेवक असताना एका धर्मगुरूच्या अत्याचाराला बळी पडले होते. त्यांना द्यावयाच्या भरपाईसाठी त्या धर्मगुरूला १९९३ साली धर्मप्रांताच्या निधीतून कर्ज मिळाले. पुढे तत्कालीन आर्चबिशप डेस्मंड कॉनेल यांनी वार्ताहरांना सांगितले, की धर्मप्रांताचा निधी अशा भरपाईसाठी वापरला जात नाही. आपण खोटे बोललो नाही, असा खुलासा त्यांनी नंतर खुद्द मॅडन यांच्याजवळ केला. ‘वापरला जात नाही’ एवढेच आपण म्हणालो. ‘वापरला गेला नाही’ असे म्हणालोच नव्हतो!

हा उतारा मराठीत आणू पाहताना मी पुष्कळ वेळ थबकलो. आपल्या भाषेतही ‘जात नाही’ या रूपात नियमाचा ध्वनी आहे. ‘आमच्या घरी मद्य घेतले जात नाही’ हे वाक्य ऐकून कोणी काल घेतले होते काय असे विचारीत नाही. वाक्य काळाच्या आड लपते, आणि ऐकणारा त्याच्या रीतीने पूर्ण अर्थ घेऊन घरी जातो.

या युक्तीला कॅथलिक नीतिशास्त्रात जुने नाव आहे. त्याचा शब्दशः अनुवाद बोजड होतो. ‘हातचे राखून बोलणे’ हा आपला वाक्प्रचार अधिक जवळचा. वाक्याचा उरलेला भाग मनातच पूर्ण करावयाचा, या टोकाच्या प्रकाराचा पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली निषेध केला होता. मात्र शब्दच द्व्यर्थी ठेवून ऐकणाऱ्याला त्याच्या समजुतीवर सोडावे, हा सौम्य प्रकार टिकून राहिला. त्याचा उगम सर्वस्वी दुष्ट हेतूत आहे असेही नाही. दुसऱ्याचे गुपित राखण्याचे कर्तव्य आणि सत्य बोलण्याचे कर्तव्य यांच्या पेचातून तो निघाला. पण येथे राखले जात होते ते संस्थेचे गुपित, आणि किंमत मोजत होता तो ज्याच्यावर आघात झाला तोच.

भारतीय वाचकाला या ठिकाणी ‘नरो वा कुंजरो वा’ आठवल्यावाचून राहणार नाही. युधिष्ठिराचे वाक्यही व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. तरीही महाभारतकाराने त्याचा रथ जमिनीवर आणला आणि अखेरीस त्याला नरकाचे दर्शन घडविले. बोलणाऱ्याच्या शब्दांवर तो थांबला नाही. द्रोणाने काय ऐकले, यावर त्याने निवाडा दिला. ही वाचनाची रीत आपल्याला परकी नाही.

वृत्तपत्रांनी ही रीत पाळली काय? आयर्लंडमध्ये मेरी रॅफ्टरी यांच्या १९९९ आणि २००२ सालच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांनी जे केले, ते नाकारता येणार नाही. डब्लिनची चौकशी सुरू होण्यामागे त्यांतल्या दुसऱ्या कार्यक्रमाचा मोठा वाटा होता. परंतु रोजच्या बातमीची घडण निराळी असते. अधिकाऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हांत अखंड छापले जाते. पीडिताच्या वाक्यामागे ‘असा आरोप आहे’ हे शेपूट येते. एकाला संहिता मिळते, दुसऱ्याला अंधारातली आकृती आणि दाटलेला कंठ. त्याने रडावे ही अपेक्षा असते. त्याने युक्तिवाद केला, की तो कडवट ठरतो.

आपल्याकडे २०१२ च्या कायद्याने अत्याचारग्रस्त बालकाची ओळख छापण्यास मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. पण जो प्रौढ होऊन स्वतःच्या नावाने बोलू इच्छितो, त्याला आपण कोणता शब्द देणार? ‘बळी’ म्हणावे, तर त्या शब्दाला देवापुढच्या वेदीचा वास आहे. ‘पीडित’ म्हणावे, तर पीडेवाचून त्याला दुसरी ओळख उरत नाही. ‘वाचलेला’ अपघाताची आठवण देतो. मॅडन यांनी २००३ साली ‘ऑल्टर बॉय’ हे आत्मकथन लिहिले. अत्याचारानंतरच्या आयुष्याची कथा, असा त्याच्या उपशीर्षकाचा आशय आहे. तेव्हा त्यांच्यापुरता तरी योग्य शब्द सापडतो: लेखक.

उत्तरदायित्व ही कल्पना शेवटी व्याकरणातच कसाला लागते. ‘चुका झाल्या’, ‘दुर्दैवी प्रकार घडले’ या वाक्यांत कर्ता नाही. कोणी, कोणाला, केव्हा, आणि कोणाला ठाऊक असताना, एवढ्या विभक्ती भरल्यावाचून क्षमायाचना पुरी होत नाही. अशी अर्धी वाक्ये कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही देशाच्या संस्थेत लिहिली जातात, आणि अनुवादक ती निमूटपणे आपल्या भाषेत वाहून आणतो. त्या वर्तमानकाळाची पोकळी उघडी पडली, ती ज्याची फसवणूक झाली होती त्याने तिचा पिच्छा पुरविला म्हणून. हे काम वास्तविक आपले होते.