कचऱ्याच्या पाठातील भाषा

प्राथमिक शाळेतील स्वच्छतेचा पाठ हा वर्तनाचा पाठ मानला जातो; प्रथमतः तो शब्दांचा पाठ असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात आवश्यक करावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली दिला. पुढे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याचे विघटनशील, अविघटनशील व घरगुती घातक असे वर्ग पाडले. शाळेच्या भिंतीवर मात्र यांतील पहिल्या दोन संज्ञा ‘ओला’ आणि ‘सुका’ होऊन उतरल्या.

या सोपेपणाची किंमत थोडी नाही. सात वर्षांच्या मुलाच्या भाषेत ‘ओला’ म्हणजे पाण्याने भिजलेला. साहजिकच विसळलेली दुधाची पिशवी ओल्या डब्यात जाते आणि कांद्याची टरफले व वाळलेले निर्माल्य सुक्या डब्यात. येथे मुलाची चूक नाही. त्याने मराठी शब्द बरोबर वाचला आहे. (किनाऱ्याकडील पावसाळ्यात तर सारा कचरा ओलाच!) ‘कुजणारा’ व ‘न कुजणारा’ हे शब्द घरगुती आहेत; शिवाय ते वस्तूची अवस्था न सांगता तिचे पुढे काय होते ते सांगतात. कागदही कुजतो, अशी शंका चौकस मूल काढील. मग कुंडीत केळीची साल, कागद आणि बिस्किटाचे वेष्टन पुरून महिन्याने उकरून पाहावे.

दुसरा दोष क्रियापदाचा. ‘कचरा कुंडीत टाका’ या आज्ञेत ‘टाकणे’ म्हणजे संबंध संपविणे. सिल्व्हर पार्कसारख्या इमारतींच्या वस्तीतील मुलाच्या दृष्टीने तो संबंध फाटकापाशीच संपतो. वस्तुतः मीरा-भाईंदरचा कचरा वर्षानुवर्षे उत्तनच्या डोंगरावर नेला गेला आणि तेथील दुर्गंधी व आगी यांविरुद्ध ग्रामस्थांना वारंवार तक्रारी कराव्या लागल्या. ‘टाकणे’ या शब्दात उत्तन दिसत नाही. ‘वेगळा ठेवणे’, ‘सोपविणे’ या क्रियापदांना निदान घेणारा माणूस लागतो.

त्या माणसाला आपण ‘कचरेवाला’ म्हणतो, हा तर भाषेचा उघड अन्याय होय. कचरा आपला आणि नाव त्याला! पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्यांनी संघटना बांधली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. या नावात ‘कचरा’ हा शब्दच नाही. वस्तू आहेत आणि श्रम आहेत. तिसरीच्या वर्गात फळ्यावर हे नाव लिहून कागद, काच, पत्रा यांचे पुढे काय होते एवढे विचारले, तरी तासभराचा पाठ होईल.

गाडगे महाराजांचे (1876–1956) नाव स्वच्छतेच्या प्रत्येक समारंभात घेतले जाते. ते स्वतः खराटा घेऊन गाव झाडीत आणि कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत. शाळांनी त्यांचा खराटा तसबिरीत ठेवला आणि त्यांची प्रश्न विचारण्याची रीत सोडून दिली.