साहित्यिक-सामाजिक संस्थेची नोंदणी आणि उद्देशपत्रिका : नांदुऱ्याच्या संदर्भात एक समीक्षा

नांदुरा हे बुलढाणा जिल्ह्यातील, मुंबई-नागपूर लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. अशा गावांतील साहित्यिक-सामाजिक मंडळे बहुधा एखाद्या शिक्षकाच्या घरी वा शाळेच्या रिकाम्या वर्गात जन्म घेतात. कविसंमेलन, व्याख्यानमाला, गरजू विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके, इथवर त्यांना कायद्याची आठवण होत नाही. देणगी बँकेत ठेवण्याची किंवा अनुदानाचा अर्ज भरण्याची वेळ आली की नोंदणीचा विषय निघतो आणि प्रमाणपत्र हाती आले की तो संपतो. नोंदणीकडे पाहण्याची ही दृष्टी अपुरी आहे.

१८६० च्या २१ व्या अधिनियमाच्या शीर्षकात साहित्यविषयक संस्थांचा उल्लेख शास्त्रीय व धर्मादाय संस्थांच्याही आधी येतो. किमान सात व्यक्तींनी उद्देशपत्रिकेवर सह्या करून ती नियमावलीसह दाखल करावी, एवढीच त्याची मूळ मागणी. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्याही कक्षेत येते. म्हणून प्रमाणपत्रे दोन. प्राध्यापकवर्गाला हे सारे आपापल्या शिक्षणसंस्थेमुळे परिचित असते. त्या मानाने अपरिचित आहे तो दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९६१ चा निर्णय. १८६० च्या अधिनियमाखाली नोंदलेली संस्था ही कंपनीसारखी निगम-संस्था ठरत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. कलम ५ नुसार, वेगळे विश्वस्त नसल्यास, मालमत्ता नियामक मंडळाच्या ठायी निहित मानली जाते. कलम ६ नुसार दावा अध्यक्ष, सचिव वा विश्वस्तांच्या नावे चालतो. म्हणजे नोंदणीनंतरही संस्था व्यक्तींच्या आधारानेच उभी राहते.

या व्यक्ती बदलल्या की १९५० च्या अधिनियमातील कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. वार्षिक सभा झाली, नवे मंडळ निवडले, पण अहवाल दिलाच नाही, असे कित्येक संस्थांत घडते. मग दोन गट दोन अहवाल घेऊन सहायक धर्मादाय आयुक्तांपुढे उभे राहतात आणि व्याख्यानमालेचे वर्ष तारखांत जाते. साहित्यसंस्थांच्या ऱ्हासाचे खापर वाचकांच्या अनास्थेवर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. सभावृत्तांताच्या वहीकडे कोणी पाहत नाही.

दुसरा दोष उद्देशपत्रिकेच्या भाषेचा. साहित्याची आस्था असलेली माणसेदेखील हा एकच दस्तऐवज टंकलेखकाकडील तयार नमुन्यावरून उतरवून घेतात. परिणामी वाङ्मयाचा प्रसार एका ओळीत आटोपतो आणि पुढे शाळा, वसतिगृहे, आरोग्यकेंद्रे, कृषिविकास अशी लांबलचक यादी लागते. ‘सामाजिक’ या शब्दात काहीही मावते, हा समज त्यामागे असतो. पुढे एखादा गट मंडळाच्या नावावर शाळा काढू लागला तर मूळ साहित्यप्रेमी सभासदांना आक्षेप घ्यायला आधार उरत नाही. चूक सुधारणेही सोपे नाही. कलम १२ प्रमाणे त्यासाठी विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तितक्याच मतांनी ती कायम करावी लागतात.

स्वतंत्र नोंदणीला शाखेचा पर्याय आहे. १९२३ मध्ये अमरावती येथे स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघासारख्या जुन्या संस्थेची शाखा होणे लहान गावाला सोयीचे वाटते, कारण नाव आणि परंपरा दोन्ही आयती मिळतात. मात्र शाखेची वेगळी नोंदणी नसेल तर गावातून जमलेल्या निधीचा व ग्रंथांचा कायदेशीर धनी कोण, याचे उत्तर मध्यवर्ती संस्थेच्या घटनेत शोधावे लागते. व्याख्यानांपुरते मंडळ असेल तर शाखा पुरेशी आहे. ग्रंथसंग्रह वा वास्तू उभारायची असेल तर स्वतंत्र नोंदणीच इष्ट.

अशा मंडळाने नियमावली लिहिताना कलम १४ आधी वाचावे. संस्था विसर्जित झाल्यास देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. ती कोणती, हे विसर्जनाच्या वेळी तीन-पंचमांश सभासदांनी ठरवायचे असते आणि त्यांनी न ठरवल्यास न्यायालय ठरवते. पुस्तकांची कपाटे नांदुऱ्यातच राहावीत असे वाटणाऱ्या संस्थापकांनी गावातील सार्वजनिक वाचनालयाविषयीची आपली इच्छा नियमावलीत पहिल्याच दिवशी नोंदवलेली बरी.