ट्रोलपचं घड्याळ आणि आपण गाळलेला अर्धा तास



आज एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. खरं सांगायचं तर ते पुस्तक मी वर्गात वर्षानुवर्षं अर्धवट वापरलं, त्याची दुरुस्तीही करायची आहे.

निमित्त असं झालं. गेल्या व्याख्यानानंतर एका तरुण बाईंनी मला जिन्यात गाठलं. त्या कथा लिहितात, घरी दोन लहान मुलं आहेत. म्हणाल्या, "सर, रोज लिहायची सवय कशी लावायची?" मी नेहमीचं उत्तर दिलं. पहाटे उठा, घड्याळ समोर ठेवा, ट्रोलपसारखं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, आमच्याकडे साडेपाचला नळाला पाणी येतं." आणि निघून गेल्या. मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन मी ट्रोलपचं आत्मचरित्र पुन्हा काढलं.

अँथनी ट्रोलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. टपालखात्यात तो 1834 साली कारकून म्हणून लागला आणि 1867 पर्यंत नोकरीत होता. नोकरी सांभाळून आणि नंतर मिळून त्याने 47 कादंबऱ्या लिहिल्या. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, 1883 साली प्रसिद्ध झालं. त्यात त्याने आपली पद्धत उघड सांगितली आहे. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, समोर घड्याळ, आणि दर पाव तासाला 250 शब्द. कोणत्या पुस्तकाचे किती पैसे मिळाले, याचा तक्ताही त्याने शिलिंग-पेन्सपर्यंत दिला आहे. लेखकाने प्रतिभेची वाट बघत बसणं म्हणजे चांभाराने स्फूर्तीची वाट बघत बसण्यासारखं आहे, असंही तो म्हणतो.

हे पुष्कळ रसिकांना रुचलं नाही. कलावंत कसला, हा तर कारकून! आज बरोबर उलटं झालंय. लेखनाच्या सवयीवर सल्ला देणाऱ्यांना हेच पान फार आवडतं. पण गंमत बघा, नाक मुरडणारे आणि मान डोलवणारे, दोघेही त्याच एका वाक्याशी थांबतात. पाव तास, अडीचशे शब्द. मीही तिथेच थांबत होतो.

लगेच पुढे ट्रोलप काय सांगतो? की हे तीन तास सगळे लिहिण्यात जात नसत. पहिला अर्धा तास तो काल लिहिलेलं वाचायचा. वाचायचा म्हणजे शब्दांचा, वाक्यांचा नाद कानाने तोलून बघायचा. नवशिक्यांनी हे जरूर करावं असा त्याचा आग्रह आहे. कालच्या लेखनाचा सूर त्याने पुन्हा सापडतो आणि मग आजचं लेखन दुसऱ्याच कोणाचं वाटत नाही. हा अर्धा तास आपण गाळला. माझ्या मते या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

का, ते सांगतो. ॲरिस्टॉटल म्हणतो की घर बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो. एवढं आपण सगळे उद्धृत करतो. पण त्याच ठिकाणी तो असंही म्हणतो की वाजवूनच माणूस चांगला वादक होतो आणि वाजवूनच वाईटही होतो. नुसता सराव दोन्हीकडे नेतो. ट्रोलपच्याच बाबतीत बघा. 'द वे वुई लिव्ह नाऊ' ही आज त्याच्या उत्तम कादंबऱ्यांत गणली जाते. ती याच शिस्तीत लिहिली गेली, आणि आज क्वचितच कोणी उघडतं अशा त्याच्या कादंबऱ्याही याच शिस्तीत लिहिल्या गेल्या. घड्याळाला त्यांतला फरक कळत नाही.

आपल्याकडे योगसूत्रांत अभ्यास पक्का होण्याच्या अटी दिल्या आहेत. तो दीर्घकाळ हवा, त्यात खंड नको, आणि तो सत्कारपूर्वक हवा, म्हणजे आदराने केलेला हवा. पहिल्या दोन अटी मोजता येतात, म्हणून त्या आपल्याला पाठ आहेत. तिसरी मोजता येत नाही. लेखनात हा सत्कार कुठे दिसतो? मला वाटतं, तो कालच्या पानाकडे परत जाण्यात दिसतो.

हे मी अनुभवाने बोलतोय. निवृत्तीनंतर मी ठरवून दीड वर्षं रोज दोन पानं लिहिली. खंड पडू दिला नाही, आणि मागचं पान एकदाही वाचलं नाही. पुढे वह्या उघडल्या तेव्हा दिसलं की एकच युक्तिवाद मी अकरा वेळा पहिल्यापासून सुरू केला होता. सवय उत्तम लागली होती. पुस्तक मात्र झालं नव्हतं.

आता ट्रोलपची दुसरी बाजू. त्याची वही आठवड्यांची होती. रोजचा आकडा तो लिहायचा, पण लक्ष्य आठवड्याचं असे. सरासरी 40 पानं, पान 250 शब्दांचं. म्हणजे आठवड्याला 10,000 शब्द. तो सांगतो की हे लक्ष्य कधी 20 पानांवर आलं, कधी 112 वर गेलं. ताशी 1,000 या वेगाने अडीच तासांचे 2,500 शब्द होतात. म्हणजे सरासरी आठवडा चार सकाळींत भागतो. घड्याळवाला म्हणून ज्याला आपण ओळखतो, त्याच्या हिशेबात सवड होती. आपण मात्र एक दिवस चुकला की वही मिटून टाकतो.

आणि तिसरी गोष्ट, त्या नळाच्या पाण्याची. पहाटे ट्रोलपला उठवायचं कोण? घरचा म्हातारा मोतद्दार. त्यासाठी त्याला वर्षाला 5 पौंड जादा मिळत. तो कॉफी घेऊन यायचा, आणि त्याला कधी उशीर झाला नाही. आपल्या यशात इतर कोणाहीपेक्षा त्याचा वाटा मोठा असेल, असं ट्रोलप प्रांजळपणे लिहितो. आगगाडीत पेन्सिलीने लिहिलेल्या मजकुराची नक्कल त्याची पत्नी करायची. त्याच्या सवयीत दुसऱ्यांच्या सकाळीही होत्या, आणि मी ती सवय सांगताना निव्वळ निर्धाराची गोष्ट म्हणून सांगत होतो. ही माझी चूक.

मोतद्दार माणूसच असावा असं नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' त्यात क्रमशः दिली. साप्ताहिकाचा अंक हाच त्यांना उठवणारा. पण छापून गेलेलं प्रकरण मागे घेता येत नाही. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांवर पाल्हाळाचा आक्षेप येतो, त्याचं एक कारण मला इथे दिसतं. अंक लिहायला लावतो, परतून बघायला सवड देतोच असं नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. ट्रोलपचा अर्धा तास लेखकाला स्वतःसारखं राहायला मदत करतो. ज्याला स्वतःचा सूरच बदलायचा आहे, त्याला तो पुरणार नाही. पण त्यासाठी आधी सूर ऐकू तरी यायला हवा.

तेव्हा जिन्यातलं माझं उत्तर बदलतो. पाव तासच मिळत असेल, दुपारी असो की रात्री, तर पहिली पाच मिनिटं कालचं पान वाचा, जमलं तर पुटपुटत. उरलेली दहा लिहा. हिशेब आठवड्याचा ठेवा. आणि आठवड्यातून दोन दिवस पाणी दुसऱ्या कोणी भरावं, हे घरात बोला. ते लेखनाच्या बाहेरचं नाही, ट्रोलपने ते आत्मचरित्रात लिहिलं आहे.

त्या बाई आज आल्या आहेत की नाही, मला इथून दिसत नाही. आल्या असतील तर पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.