फॉर्सिथसाहेबांची शिकार

सौंसर-पांढुर्ण्याच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. या पर्वताचे वर्णन करणारा कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. अरण्य, गोंड लोक आणि सांबर-चितळांची शिकार या तिन्ही विषयांवर त्यांची लेखणी सहज चालते. रायफल व तिची गोळी यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिणाऱ्या या गृहस्थांच्या कौशल्याविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती दुरून मारण्याच्या हौसेविषयी.

आजच्या रायफलीवर दुर्बीण असते. तथापि ३०० मीटर अंतर कापावयास गोळीला सुमारे ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात हरिण पाऊल टाकते, वारा गोळीस ढळवितो, आणि काळजावर धरलेला नेम पोटात बसतो. दशरथाचा शब्दवेधी बाण तर अचूक लागला होता. न पाहता तो सोडला, हाच त्याचा अपराध.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडे हा खेळ बंद केला, हे योग्यच झाले. फॉर्सिथ अवश्य वाचावेत. मात्र प्रत्येक शिकारकथेपाशी थांबून विचारावे, जखमी होऊन झाडीत शिरलेल्या जनावराचे पुढे काय झाले?